एक कडी खाली

“मी जाळली? मी? अरे, मी दिवा हाताने बघतो, तुझ्यासारखा फोनमध्ये बघत नाही!”

“मग दिवा काय भुताने खाली आणला? वर बघ ना, पापा! शेंड्यापासून वीतभरावर आलाय. वीतभर!”

“आवाज खाली कर.”

“तू दिवा वर कर, मी आवाज खाली करतो!”

बुटांच्या बंद पडलेल्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, भल्या सकाळी बापलेकांचं हे चाललं होतं. मधे गांज्याची रोपं पंख्याच्या वाऱ्यावर माना हलवत होती, दोघांचंही पटल्यासारखी. पण बरोबर कोण हे त्यांच्याकडे नुसतं बघूनच कळत होतं. मधल्या रांगेचे शेंडे पांढरे पडले होते. काचेमागे महिनोन् महिने ठेवलेल्या वर्तमानपत्राचा रंग उडतो ना, तसे. पानांच्या कडा दोन्ही बाजूंनी वर वळून होड्या झाल्या होत्या, आणि बोट लावलं की कडा कुरकुरत होती. काही फुलांनी तर घाबरून वर आणखी एक बारीक शेंडी काढली होती. कापणीला अजून महिना होता. पांढरा पडलेला शेंडा काही परत हिरवा होत नाही. तो गेला तो गेलाच.

रेमी तीन दिवस पोर्टलंडला होता. आज पहाटेच्या बसने ल्यूस्टनला उतरला आणि घरी न जाता, खांद्यावरची पिशवीही न काढता थेट वर आला. आला तो ओरडतच.

“मी गेलो तेव्हा सगळे दिवे नीट होते,” तो म्हणाला. “मी स्वतः वर घेऊन ठेवले होते.”

“तेच तर!” रोझेरने बोट रोखलं. “रोज सकाळी मी दिवे नीट लावून जातो, आणि संध्याकाळी बघतो तर वर गेलेले. मला वाटलं साखळी घसरतेय. तू करत होतास होय रे हे? रोपांना उपाशी मारत होतास?”

“उपाशी? पापा, ती भाजलीत!”

“खोलीत एकोणऐंशी आहे. तो बघ, लिहिलंय.”

भिंतीवरचा काटा खरंच एकोणऐंशी फॅरनहाइट दाखवत होता. पण तो टांगला होता दाराजवळ, सावलीत. रोपं काय दाराजवळ उभी नव्हती. रेमीला हे सांगायचं होतं, पण रागात त्याला नेहमी चुकीचंच वाक्य आधी सुचायचं.

“काट्याचं सोड. तुला म्हातारपण आलंय,” तो म्हणाला.

रोझेरने त्याच्याकडे पाठ फिरवली. भांडण मिटलं म्हणून नाही, तर आता याच्याशी बोलायचंच नाही म्हणून. तेवढ्यात सात वाजले आणि सगळे दिवे एकदम विझले. उन्हाळ्यात इथलं घड्याळ उलटं असतं. दिवसा छपरावरचं डांबर पाघळतं, त्यात आत दिवेही लावले तर रोपं उकडून निघतील. म्हणून बाहेर ऊन असेल तेव्हा आत अंधार, आणि बाहेर अंधार पडला की आत सूर्य. त्या काळोखात मग म्हातारा चाचपडत दाराकडे गेला, आणि कुलूप लावायला त्याला फार वेळ लागला. रेमीने किल्ली हातातून ओढून घेतली आणि स्वतः लावलं. तेव्हाही त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही.

रोझेर लव्हासरचा दिव्यांचा नियम एकच होता, आणि तो त्याने कुठून शिकला नव्हता, स्वतःच बनवला होता. दिवे जुन्या सोडियमचे, पिवळेधमक, रस्त्यावर असतात तसे पण कैकपट तापणारे. प्रत्येक दिवा साखळीला लटकलेला. सगळ्यात उंच शेंड्यावर हात आडवा धरायचा, हाताची मागची बाजू दिव्याकडे. आणि मनात ‘नमो मारिया’ म्हणायची, पूर्ण, सावकाश, चर्चमध्ये म्हणतो तशी. प्रार्थना संपायच्या आत हात आपोआप मागे आला तर दिवा एक कडी वर. प्रार्थना संपली आणि हाताला काहीच जाणवलं नाही, तर रोपाला उजेड कमी पडतोय, एक कडी खाली. प्रार्थना संपता संपता ऊब जरा टोचायला लागली, की दिवा बरोबर जागी आहे.

लोक हसायचे. मोठाल्या खोल्यांवाले उजेड मोजायची यंत्रं घेऊन फिरायचे आणि तरी त्यांची रोपं अधूनमधून भाजायची. रोझेरची नाही. याच इमारतीत, याच मजल्यावर, उमेदीची सगळी वर्षं त्याने हाताने बूट शिवले होते. मऊ चामड्याचे, दोन सुया आणि मेणाचा दोरा घेऊन. चामडं कुठे पातळ आहे, कुठे ताणलं तर फाटेल, हे तो न बघता अंगठ्याने सांगायचा. कारखाना बंद पडला, मशीनं गेली, माणसं गेली. गांज्याला कायद्याने परवानगी मिळाल्यावर त्याने तोच मजला भाड्याने घेतला. “जिथे बसायचो तिथेच उभा आहे,” तो म्हणायचा, “फक्त खुर्ची गेली.”

रेमीला ही खोली आवडायची नाही असं नाही. शाळा त्याने मधेच सोडली होती, कारण एका जागी बसवायचे. त्यानंतर हीच त्याची शाळा. पण इथेही भिंतीच होत्या. त्याला पाणी हवं होतं. पोर्टलंडच्या बंदरात टगबोटी असतात, मोठमोठ्या जहाजांना ओढून आत आणणाऱ्या, छोट्या आणि दणकट. तिथे त्याला काम मिळालं होतं. पहिल्यांदा मिळालं तेव्हा पापाच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, तो गेला नाही. परत मिळालं तेव्हा पापाची औषधं चालू होती, शिरेतून चढवायची, ओकाऱ्या आणणारी. तेव्हाही गेला नाही. आता तिसऱ्यांदा. आणि बोटीचा कप्तान सरळ म्हणाला होता, “या रविवारी आलास तर तू, नाहीतर दुसरा कोणीतरी.”

आता म्हातारा बरा होता. खोली त्याने एकट्याने सांभाळायची आणि रेमीने जायचं, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे बोललं कोणीच नव्हतं, पण दोघांनाही माहीत होतं. आणि रेमी तीन दिवस बाहेर काय गेला, मधली रांग भाजून निघाली.

*

“स्टोव्हला लागलं,” रोझेर म्हणाला.

दुपारी जेवताना रेमीचं लक्ष गेलं होतं त्या डागावर. उजव्या हाताच्या मागे, बोटांच्या मुळाशी, तांबडा चकचकीत पट्टा. मधे पाण्याचा फोड येऊन फुटलेला.

“स्टोव्हला?” फर्नांद म्हणाली. ती रोझेरची मोठी बहीण. रेमी तिला मातांत म्हणायचा, इथल्या फ्रेंच घरांत आत्याला तसंच म्हणतात. रेमीची आई गेल्यापासून ती याच घरात होती आणि घर तीच चालवायची. “हा आणि स्टोव्ह? याला माहीत तरी आहे का आपला स्टोव्ह कुठल्या भिंतीला आहे?”

“कॉफी गरम केली मी.”

“कॉफी तू थंडच पितोस, आळशी मेला. गेल्या आठवड्यात माझा कप फोडलास, निळा. हातातून सुटला म्हणे. कप काय मासा आहे सुटायला?”

“मातांत, बीन्स दे,” रेमी म्हणाला. त्याला या दोघांचं ऐकायचं नव्हतं.

“घे. आणि तू रे? बोटीवर काय खाणार? तिथे कोण तुला असे डुकराच्या चरबीत बीन्स शिजवून घालणारे?”

“कोणी नाही घालणार.”

“मग जाऊ नकोस.”

“बीन्ससाठी थांबू?”

“लोक याहून फालतू कारणांसाठी थांबलेत,” फर्नांद म्हणाली आणि भावाकडे बघितलं.

भावाने वर बघितलं नाही. तो चमच्याने बीन्स खात होता, आणि चमचा मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा. रेमीने ते बघितलं. त्याचे डोळे तसे तीक्ष्ण होते, त्याला सगळं दिसायचं. शर्टाची बटणं जाऊन त्या जागी चेन असलेलं जॅकेट आलं होतं, भर जुलैत. बुटाच्या नाड्या जाऊन चपला आल्या होत्या. त्याला वाटलं, म्हातारा आळशी झालाय. दिसलेलं सगळं डोक्यात नीट लागायला माणसाचं डोकं शांत असावं लागतं, आणि रेमीचं डोकं त्या दिवसांत पोर्टलंडला होतं.

“संध्याकाळी मी पण येतो वर,” तो म्हणाला. “दिवे लागले की. माझ्यासमोर हात धरून दाखव.”

“परीक्षा घेणार तू माझी?”

“हो.”

“शाळेत एक परीक्षा दिली नाहीस, आणि आता बापाची घेतोस.”

फर्नांद हसली. रोझेरही हसला जरासा. रेमीला मात्र हसू आलं नाही, आणि आपल्याला हसू येत नाही याचाच त्याला आणखी राग आला.

*

संध्याकाळी सातला टक् असा आवाज झाला, दिवे गुणगुणले, आधी गुलाबी आणि मग पिवळे झाले. खोली हळूहळू तापायला लागली. रेमीने मुद्दाम एकाही दिव्याला हात लावला नव्हता. सकाळी होते तसेच होते सगळे, मधल्या रांगेवरचे वीतभरावर. पूर्ण तापेपर्यंत दोघं खोक्यांवर बसून राहिले. खिडकीला काळं प्लास्टिक होतं, त्याच्या पलीकडे नदीचा आवाज येत होता.

“चल,” रोझेर उठला. “बघ नीट.”

त्याने मधल्या दिव्याखाली हात धरला, हाताची मागची बाजू वर करून. ओठ हलायला लागले.

रेमीने बाजूच्या शेंड्यावर हात धरला, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच उंचीवर. त्यानेही प्रार्थना सुरू केली. लहानपणापासून पाठ होती. तिसऱ्या शब्दाला कातडी ताणल्यासारखी झाली. पाचव्या-सहाव्या शब्दाला सुया. त्याने दात आवळले, म्हटलं म्हातारा करतोय तर मला काय झालं. अर्ध्यावर हात आपोआप मागे आला. त्याने आणला नाही, हातानेच ठरवलं.

रोझेरचा हात तिथेच होता.

ओठ सावकाश हलत होते. चेहरा शांत. हातावरचा तो तांबडा पट्टा पिवळ्या उजेडात ओला दिसत होता, आणि त्याच्या बाजूची कातडी रेमीच्या डोळ्यांदेखत लाल होत चालली होती. म्हाताऱ्याने प्रार्थना संपवली. आमेन म्हटलं. मग हात काढला, पँटला पुसला, आणि साखळीकडे बघत म्हणाला,

“बघ. थंड आहे. काहीच नाही हाताला. एक कडी खाली.”

रेमीने बापाच्या त्या लाल हाताकडे बघितलं.

सगळं एकदम जागेवर येऊन बसलं. स्टोव्ह. निळा कप. कुलूप. मुठीतला चमचा. औषधं चालू असताना डॉक्टरीण म्हणाली होती, हातापायांना मुंग्या येतील, कधी कधी बधिर होतात, सांगत राहा. म्हाताऱ्याने तिला दर वेळी सांगितलं होतं, मस्त आहे.

“काय झालं?” रोझेरने विचारलं. “आता गप्प का?”

“काही नाही.”

“पटलं ना?”

“मी... मी करतो. तू बस.”

रेमी खोक्यावर चढला. साखळीची कडी आकड्यातून काढली, आणि बापाकडे पाठ करून दिवा दोन कड्या वर टांगला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. म्हातारा खाली बसून खुशीत म्हणत होता, “हां, असं. हात सांगतो ते ऐकायचं. हात खोटं बोलत नाही.” त्याला वर जाणारा दिवा खाली जाताना दिसत होता की काय कोण जाणे. का त्याला सगळं दिसत होतं.

*

दुसऱ्या दिवशी रेमीने एक तापमापक आणला. पिस्तुलासारखा असतो, घोडा दाबायचा, लाल ठिपका पानावर पडतो आणि मागे आकडा येतो. पान किती तापलंय, थेट तेच सांगतो. ऐंशीच्या आसपास असलं की रोप खूश. पंच्याऐंशीच्या वर गेलं की दिवा वर घ्या, वारा वाढवा. इतकं सोपं. शिवाय त्याने प्रत्येक साखळीच्या एका कडीला लाल रंग लावला. याच्या खाली दिवा आणायचा नाही, हात काहीही म्हणो. दिव्याखालून आडवा वारा जाईल असे दोन जास्तीचे पंखे बांधले. भाजलेल्या रांगेचं खत बंद करून नुसतं पाणी सुरू केलं, दिवे लागायच्या जरा आधी. हे सगळं त्याने न ओरडता केलं. एवढंच त्याला ओरडण्याहून जड गेलं.

मग म्हाताऱ्याला वर बोलावलं.

रोझेरने ते पिस्तूल हातात घेऊन उलटसुलट बघितलं. “हे काय? मला गोळी घालणारेस?”

“पानाकडे धर. दाब.”

“का?”

“आकडा येतो.”

“मला आकडा नकोय. मला हात आहे.”

“पापा, हे जास्त सोपंय. मी नसताना...”

“तू नसताना काय? तू जन्मायच्या आधीपासून मी हातावर पोट भरतोय. दोन सुया आणि हे दोन हात. आणि आता तू साखळीला रंग लावतोस? लहान मुलाला भिंतीवर खूण करतात तसा? इथपर्यंत हात पुरतो, इथपर्यंत नाही?” त्याने पिस्तूल खोक्यावर आपटलं. “यंत्रालाच ठेव मग खोलीत. मी कशाला?”

“ऐकून तर घे...”

“नाही ऐकत!”

आणि मग रेमीचा जुना राग आला, दिवसभर दाबून ठेवलेला. “कारण तुझे हात मेलेत, पापा! मेलेत! काही कळत नाही त्यांना! काल तू स्वतःचा हात भाजत उभा होतास आणि मला म्हणालास थंड आहे!”

खोलीत पंखे फिरत राहिले.

रोझेरने हात वर केले, दोन्ही, चेहऱ्यासमोर. बघितले. मग जॅकेटच्या खिशात घातले आणि निघून गेला. जिना उतरताना कठडा धरायला त्याने ते बाहेर काढले नाहीत.

रेमीने खिडकीचं प्लास्टिक जरा बाजूला करून खाली बघितलं. म्हातारा त्याच्या पिकअपमध्ये बसला होता. गाडी चालू केली नव्हती. नुसता बसला होता.

घरी फर्नांदने विचारलं, “काय बोललास त्याला?”

“खरं ते.”

“कळलं मला. कधीपासून कळलंय मला.”

“तुला माहीत होतं?”

“मी त्याचे मोजे धुते रे. तळव्याला काच घुसली होती, मोजा रक्ताने भरला, आणि हा दिवसभर तसाच फिरला.” ती भांडी घासत राहिली. “मला शपथ घातली. रेमी जाईपर्यंत बोलायचं नाही. एकदा गेला की मग बघू म्हणाला.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“कोणाच्या बाजूने बोलायचं होतं मी? त्याच्या की तुझ्या?” ती वळली नाही. “तू त्याच्यासाठी परत थांबलास तर तो लाजेनेच मरेल. तू गेलास तर मी आहे. मी हिशेब केला माझ्यापुरता.”

*

रविवारी सकाळी रेमी उठला तेव्हा म्हाताऱ्याचं अंथरूण रिकामं होतं. बोलणं बंदच होतं दोघांचं. मावसभाऊ नॉर्मी गाडी घेऊन कारखान्यापाशीच येणार होता, कारण हमरस्ता तिथून जवळ. रेमीने पिशवी उचलली. फर्नांदने त्याला दारात धरलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि पिशवीत काहीतरी कोंबलं, डब्यासारखं, जड.

“जा,” ती म्हणाली. “वर जाऊन ये आधी.”

“तो बोलणार नाही माझ्याशी.”

“मग तू बोल. एरवी तोंड बंद असतं का तुझं?”

तिसऱ्या मजल्याचं दार उघडं होतं. दिवे अजून चालू होते. रेमी आत गेला आणि पहिल्या रांगेपाशीच थांबला.

रोझेर मधल्या दिव्याखाली उभा होता, पाठमोरा. दिवा लाल कडीच्याही खाली होता. म्हाताऱ्याने खाली आणला होता तो. डावा हात दिव्याखाली आडवा धरला होता, आणि उजव्या हातात, मुठीने पकडलेलं ते पिस्तूल. लाल ठिपका पानावर नव्हता. त्याच्या स्वतःच्या हातावर होता.

“एकशे दहा,” तो पुटपुटला. थांबला. “एकशे तेरा.”

रेमीने पिशवी खाली ठेवली.

“एकशे सोळा.” म्हाताऱ्याचा आवाज अगदी साधा होता, कोणाला तरी वाचून दाखवत असल्यासारखा. माणसाला एकशे चार ताप आला तर घरातले डॉक्टरला उठवतात. “एकशे अठरा. आणि काही नाही. काहीच नाही गं माये.”

रेमीने धावत जाऊन त्याचा हात खाली ओढला. पिस्तूल पडलं. तो खोक्यावर चढला आणि साखळी वर घेतली. एक कडी, दोन, तीन, लाल रंगाच्या वर. दिव्याची टोपी बोटांना चटकली आणि तो शिवी देऊन बोट तोंडात घालून खाली उतरला.

रोझेर त्याच्या बोटाकडे बघत होता. “दुखलं?”

“हो.”

“बरं आहे,” रोझेर म्हणाला.

दोघं खोक्यांवर बसले. रेमीने पाण्याची बाटली उघडून बापाच्या हातावर हळूहळू ओतली. म्हातारा त्या पाण्याकडे बघत होता, ते दुसऱ्याच कोणाच्या तरी हातावर पडत असल्यासारखा.

“हिवाळ्यात सुरू झालं,” तो म्हणाला. “आधी नुसती टोकं. मला वाटलं थंडी आहे. मग सुई धरून बघितली एक दिवस. जुनी सुई, माझ्या डब्यातली. बोटात घुसली आणि मला डोळ्यांनी कळलं, रक्त आलं तेव्हा. म्हटलं, येईल परत. डॉक्टरीण म्हणते कधी येतं, कधी नाही.”

“तिला सांगितलंस तू?”

“परवा सांगितलं. तुझं ऐकून, फोन केला.”

“मला का नाही सांगितलंस? हिवाळ्यात?”

“तू थांबला असतास.”

ते खरं होतं. थांबला असता. शिव्या देत, दारं आपटत, पण थांबला असता.

“मला खोटं नव्हतं बोलायचं,” रोझेर म्हणाला. “दिव्यांचं. मला खरंच थंड लागायचं रे. मी रोज हात धरायचो आणि म्हणायचो, आज जरा कमीच आहे उजेड. रोपांना पुरत नाहीये. बिचारी.” त्याने त्या पांढऱ्या शेंड्यांकडे बघितलं. “मी त्यांचं भलं करत होतो.”

“शेंडेच गेलेत. खालचं सगळं ठीक आहे, पापा. खालची फुलं चांगली आहेत. कापणी होईल.”

“होईल.”

“पिस्तुलाने बघ. पानाकडे धरायचं. पंच्याऐंशीच्या खाली.”

“कळतं मला. आकडे वाचता येतात मला.” मग खाली पडलेल्या पिस्तुलाकडे बघत, “सोपं आहे तसं. तू म्हणालास तसंच.”

हे तो फार शहाण्यासारखं बोलला. म्हाताऱ्याने शिव्या दिल्या असत्या, पिस्तूल खिडकीबाहेर फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता आलं असतं. या मवाळ माणसाशी काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

“मी कप्तानाला फोन करतो,” रेमी म्हणाला.

“अजिबात नाही.”

“एक आठवडा फक्त. तुला नीट शिकवून...”

“काय शिकवणार? घोडा दाबायला?” रोझेरचा आवाज चढला, क्षणभर जुन्यासारखा. “तू फोन केलास तर मी ही सगळी रोपं आत्ता मुळासकट उपटतो. उपटायला बोटांना कळावं लागत नाही.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. एकदा. मग जरा लांब.

“नॉर्मी आला,” रोझेर म्हणाला. “तो गाढव अख्खी गल्ली जागी करेल.”

रेमी उठला. पिशवी खांद्यावर घेतली. परत खाली ठेवली. वाकून बापाचा आज भाजलेला नाही तो हात, जुन्या डागाचा उजवा, दोन्ही हातांत धरला आणि घट्ट दाबला. शिवून शिवून बोटांच्या बाजूंना पडलेले घट्टे अजून तसेच होते, दगडासारखे.

रोझेरने मान खाली करून बघितलं. हात धरलाय का, ते बघायला. मग, दिसल्यावर, त्यानेही बोटं मिटली, जरा उशिरा, आणि गरजेपेक्षा खूप जोरात.

“दुखतंय का तुला?” त्याने विचारलं. “मला कळत नाही किती दाबतोय ते.”

“नाही,” रेमी म्हणाला. दुखत होतं.

हॉर्न परत वाजला, आणि मग थांबेचना.

“पापा, सोड. मला निघायला हवं आता.”